जपानी पोरांच्या खिशातला चाकू

रोजच्या वापराला नवा घडीचा चाकू घ्यायचा म्हटलं की हल्ली बरेच जण हिगोनोकामीपाशी येऊन थांबतात. पितळी मूठ, तिच्यावर ठोकलेली जपानी अक्षरं आणि विकणाऱ्यानं सोबत जोडलेली सामुराईंची गोष्ट. ती गोष्ट खुशाल सोडून द्यावी. हा चाकू वाढला तो शाळकरी पोरांच्या हातात, आणि मला तरी तो इतिहास जास्त मोलाचा वाटतो.

ह्योगो प्रांतातलं मिकी हे अवजारांचं गाव. 1580 मध्ये हिदेयोशी या सेनापतीनं लांबलेल्या वेढ्यानंतर इथला किल्ला घेतला. उद्ध्वस्त गाव पुन्हा उभं करायला सुतार आले, लोहार आले आणि करवती, रंधे, पटाश्यांचा धंदा तिथं कायमचा रुजला. 1876 मध्ये मेइजी सरकारनं तलवार लावून फिरण्यावर बंदी घातली. हा चाकू त्यानंतरचा, 1890 च्या दशकातला, म्हणजे तलवारवाल्या सामुराईंच्या काळातला नव्हेच. नावातलं हिगो म्हणजे क्युशू बेटावरचं आजचं कुमामोतो; सुरुवातीचा बराचसा माल तिकडं खपायचा, असं सांगतात.

घडण इतकी साधी की पाहताक्षणी कळावी. पत्र्याची एकच पट्टी दुमडून मूठ केलेली, पातं एका रिबिटावर फिरणारं. आत स्प्रिंग नाही, खटका नाही. पात्याच्या मागं एक चिमुकली दांडी बाहेर येते, तिला चिकिरी म्हणतात. तिच्यावर अंगठा दाबून चाकू उघडायचा आणि कापताना अंगठा तिथंच ठेवायचा. तो दाब असेपर्यंत पातं मिटत नाही. रिबीट सैल पडलं तर हातोडीचे दोन हलके ठोके पुरतात. चांगल्या नगांत कडक पोलादाचा थर मऊ लोखंडाच्या दोन थरांमध्ये बसवलेला असतो, म्हणून धार टिकते आणि लावायलाही सोपी जाते.

स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा असल्यानं तो पोरापोरांच्या खिशात गेला. पेन्सिलीला टोक काढायचं, बांबू तासून भिरभिरं करायचं, सगळं यानंच.

मग 12 ऑक्टोबर 1960 ला टोकियोच्या हिबिया सभागृहात समाजवादी नेते इनेजिरो असानुमा भाषण करत असताना 17 वर्षांच्या एका मुलानं त्यांना भोसकून ठार केलं. हत्यार म्हणजे आखूड तलवार होती, हिगोनोकामीचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. तरीही ‘मुलांच्या हाती पातं नको’ ही मोहीम देशभर पसरली. शाळांमधून चाकू गेले, त्यांच्या जागी पेन्सिलीला टोक काढायची यंत्रं आली आणि मिकीतले कारखाने एकामागून एक बंद पडले. एका खुनाची शिक्षा पेन्सिल तासणाऱ्या चाकूला झाली, याचं मला आजही वाईट वाटतं. नागानो प्रांतातली आइसोमे प्राथमिक शाळा मात्र 1980 च्या दशकापासून पहिलीच्या मुलांना हाच चाकू देते आणि त्यानं पेन्सिल तासायला शिकवते.

हिगोनोकामी हे नाव नोंदवलेलं व्यापारचिन्ह आहे आणि ते वापरायचा हक्क असलेला एकच कारखाना आता उरलाय, मिकीतला नागाओ कानेकोमा. बाकीचे त्याच घडणीचे, पण दुसऱ्यांचे. नुसते दिसण्यावर जाऊ नका, मुठीवरचा ठसा बघा.

घेतल्यावर एक सवय लावावी लागते. पातं बहुधा कार्बन पोलादाचं असतं, गंजरोधक नव्हे. लिंबू किंवा कैरी चिरून तसाच मिटून ठेवला तर आपल्या पावसाळी हवेत लगेच गंज धरेल. पुसून कोरडा करायचा आणि तेलाचं बोट फिरवायचं. पातं हळूहळू काळपट पडतं. तो दोष नाही, घासून काढू नये. आणि जपानमधूनच आणणार असाल तर तो खिशात घालून हिंडू नका. तिथले पोलीस सबळ कारणाशिवाय जवळ ठेवलेला छोटा चाकूही चालवून घेत नाहीत. दुकानातून निघताना वेष्टणातच ठेवावा आणि विमानात सोबतच्या पिशवीत न ठेवता चेक-इनच्या बॅगेत टाकावा.