धारेचे थेंब आणि बाष्पीभवनाचा वाद : पार्श्वभूमी

द्रवाची बारीक धार तुटून तिचे थेंब होतात. या तुटण्याचं प्रायोगिक निरीक्षण 1833 चं आणि गणित 1878 चं. 1931 मध्ये त्यात श्यानतेची, म्हणजे द्रवाच्या दाटपणाची, भर पडली. बाष्पीभवन या हिशेबात कुठेच नव्हतं आणि ते वगळलं हे योग्यच झालं. 10 मायक्रॉन त्रिज्येची पाण्याची धार शंभरेक मायक्रोसेकंदांत तुटते. तेवढ्या वेळात साध्या हवेत उडून उडून किती पाणी उडणार?

1980 च्या दशकात अशा बारीक धारा निर्वातात, जिथे पाणी झपाट्याने उडतं, सोडल्या जाऊ लागल्या आणि बाष्पीभवनाचा धारेवर काय परिणाम होतो हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. पाणी उडाल्याने धार बारीक होते, म्हणून ती लवकर तुटते, असं स्पष्टीकरण अजूनही दिलं जातं. ते फारसं टिकत नाही. एक टक्का पाणी उडालं तर व्यास जेमतेम अर्धा टक्का घटतो, पण उरलेलं पाणी जवळपास 6 अंशांनी गार होतं. परिणाम शोधायचा तो या गारव्यात.

बाष्पीभवन धारेला सावरतं की तोडतं, यावर बरीच शाई खर्ची पडली आहे. माझ्या मते, बाष्पीभवनाला लागणारी उष्णता कुठून येते हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला अर्थच नाही. निर्वातात ही उष्णता खुद्द द्रवातूनच जाते. धारेचा जो भाग आवळला जातो, त्या गळ्यात द्रव कमी आणि त्यामानाने पृष्ठभाग जास्त, त्यामुळे तो फुगवट्यापेक्षा लवकर गार होतो. गार पाण्याचा पृष्ठताण (पृष्ठभागाला आवळून धरणारा ताण) जास्त, म्हणून पृष्ठभागावरचा द्रव गळ्याकडे ओढला जातो आणि आवळण्याला विरोध होतो. उलट भोवती तापलेला वायू असेल, तर तोच गळा आधी तापतो, त्याचा ताण घटतो, द्रव तिथून निघून जातो आणि धार लवकर तुटण्याकडे कल होतो. बाष्पीभवन दोन्हीकडे आहे, दिशा मात्र विरुद्ध. हे वेगळं न काढता निष्कर्ष समोरासमोर मांडले गेले, हे खटकतं.

त्यात आणखी एक गल्लत होते. अतितप्त द्रव, म्हणजे बाहेरच्या दाबाला उकळायला हवा त्याहून जास्त तापलेला, कमी दाबात सोडला की आत बुडबुडे फुटून धारेच्या चिंधड्या होतात. 1962 पासून अभ्यासलेली ही क्रिया उकळण्याची आहे, पृष्ठभागावरच्या बाष्पीभवनाची नव्हे. इंधनाच्या फवाऱ्यांच्या चर्चेत मात्र दोन्ही सर्रास एकाच नावाखाली येतात.

अल्कोहोल मिसळलेल्या पाण्यात तर तापमानाची गरजही उरत नाही. अल्कोहोल आधी उडतं, गळ्यात त्याचं प्रमाण लवकर घटतं आणि तिथला पृष्ठताण वाढतो.