परदेशातून दत्तक घेतलेलं मूल घरी आणताना: पात्रता, कागदपत्रं आणि पायऱ्यांचा क्रम

न्यायालयाचा दत्तक आदेश हातात पडला की आईवडिलांना वाटतं, आता फक्त विमानाची तिकिटं काढायची राहिली. त्या क्षणी असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण त्या आदेशाने तुम्ही कायद्याने मुलाचे पालक होता, एवढंच. मूल अजून आपल्या जन्मदेशाचंच नागरिक असतं. तुमच्या देशात येण्याची आणि कायम राहण्याची परवानगी त्याला दुसरं खातं दुसऱ्या कायद्याखाली देतं. या दोन गोष्टी कोणत्या क्रमाने करायच्या ते आधी समजून घ्या. कागद कमी पडला तर तो मागाहून जोडता येतो. क्रम चुकला तर मूल महिनोन् महिने परक्या देशात अडकून पडू शकतं.

आधी कोणता नियम लागू होतो ते पाहा

आंतरदेशीय दत्तक प्रक्रियेचा पाया म्हणजे २९ मे १९९३ चा हेग करार. तो १ मे १९९५ पासून अमलात आला आणि आज शंभराहून अधिक देश त्यात आहेत. भारत आणि ब्रिटनमध्ये तो २००३ पासून लागू आहे, अमेरिकेत १ एप्रिल २००८ पासून. मुलाचा देश आणि तुमचा देश असे दोन्ही करारात असतील, तर कराराचीच वाट धरावी लागते. एखादा देश बाहेर असेल तर प्रक्रिया वेगळी, अर्ज वेगळे आणि व्हिसाचा प्रकारही वेगळा.

अर्ज कुठे करायचा हे पासपोर्टवरून ठरत नाही, तुम्ही नेहमी कुठे राहता त्यावरून ठरतं. जर्मनीत स्थायिक झालेलं जोडपं कोणत्याही देशाचं नागरिक असो, सुरुवात जर्मनीतल्या यंत्रणेकडूनच होते. प्रत्येक सदस्य देशात या कामासाठी एक केंद्रीय प्राधिकरण असतं. भारतात ते काम ‘कारा’ (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण) पाहते.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा: तो देश सध्या मुलं परदेशी दत्तक देतो का? इथिओपियाने २०१८ मध्ये हे बंद केलं. चीनने २०२४ मध्ये, जवळच्या नातलगांनी किंवा सावत्र पालकांनी दत्तक घेण्याचा अपवाद ठेवून, दार लावून घेतलं. मोरोक्को, पाकिस्तान यांसारख्या देशांत संपूर्ण दत्तक ही संकल्पनाच कायद्यात नाही, फक्त पालकत्व (गार्डियनशिप, म्हणजे मुलाला सांभाळण्याचा अधिकार) मिळतं. तिथून मूल आणायचं तर त्याला देशाबाहेर नेऊन दत्तक घेण्याची तिथल्या यंत्रणेची स्पष्ट परवानगी लागते.

पात्रता दोन बाजूंनी तपासली जाते

तुमचा देश तुम्हाला तपासतो, मुलाचा देशही तपासतो, आणि दोघांच्या अटी एकसारख्या नसतात. अमेरिकेत पती-पत्नीपैकी किमान एक जण अमेरिकी नागरिक लागतो. एकट्या व्यक्तीने दत्तक घ्यायचं तर मुलासाठीचा अर्ज भरताना तिचं वय २५ पूर्ण हवं. मुलाचा अर्ज सहसा ते १६ वर्षांचं होण्याआधी दाखल व्हावा लागतो. त्याचं भावंड आधीच त्या घरात दत्तक आलं असेल तर ही मर्यादा १८ पर्यंत जाते. दुसरीकडे, भारतातून मूल घ्यायचं तर जोडप्याच्या स्थिर वैवाहिक जीवनाला किमान दोन वर्षं झालेली हवीत, आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक दिली जात नाही. म्हणून दोन्ही देशांचे नियम शेजारी ठेवून वाचा. एका बाजूने पात्र ठरलो म्हणजे झालं, असं धरून चालू नका.

क्रम

करारातल्या प्रक्रियेचा कणा असा आहे. तुमच्या देशातले समाजकार्यकर्ते घरी येऊन ‘होम स्टडी’ करतात, म्हणजे तुमची ओळख, आरोग्य, उत्पन्न, घर, नाती आणि दत्तक घेण्यामागचा विचार यांचा सविस्तर अहवाल तयार करतात. त्यावरून तुमचा देश तुम्हाला पात्र आणि योग्य ठरवतो. तो अहवाल मुलाच्या देशाकडे जातो. मूल खरोखर दत्तक देण्याजोगं आहे का, आपल्याच देशात त्याला कुटुंब मिळण्याची शक्यता तपासली का, जन्मदात्यांनी संमती मोकळेपणाने दिली का, पैशाच्या बदल्यात तर नाही ना, आईने ती बाळंतपणानंतरच दिली ना, हे सगळं तो देश पाहतो. मग मुलाचा अहवाल तुमच्याकडे येतो.

यानंतरचा टप्पा सगळ्यात जपायचा. करारातल्या १७ व्या कलमानुसार, मूल तुमच्या हवाली करण्याचा निर्णय होण्याआधीच दोन्ही देशांनी पुढे जायला होकार द्यायचा असतो, आणि मुलाला तुमच्या देशात येऊन कायम राहता येईल हेही तेव्हाच ठरलेलं लागतं. म्हणजे प्रवेशाची खात्री आधी, दत्तक आदेश नंतर.

अमेरिकेत हे फॉर्मच्या रूपात दिसतं. पालकांसाठी आय-८००ए, मूल निश्चित झाल्यावर आय-८००, त्याला तात्पुरती मंजुरी, मग व्हिसाचा अर्ज, आणि त्यानंतरच न्यायालय. तात्पुरत्या मंजुरीआधी उत्साहाने आदेश मिळवला तर प्रकरण गुंतागुंतीचं होतं. करारात नसलेल्या देशांसाठी आय-६००ए आणि आय-६०० हे फॉर्म आहेत. ब्रिटनमध्ये नियम डावलून मूल देशात आणणं हा गुन्हाच आहे आणि त्याला १२ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भारतीय नागरिकांनी परदेशात दत्तक घेतलं तर औपचारिकता आधी त्या देशाच्या कायद्याने पूर्ण करायच्या. हेग प्रकरणात काराची मंजुरी लागते, मुलाचा पासपोर्ट परदेशी असेल तर भारतीय दूतावासाकडून प्रवेश व्हिसा लागतो, आणि दूतावासामार्फत गृह मंत्रालयाच्या परदेशी नागरिक विभागाची परवानगीही.

अनाथाश्रमात भेटलेल्या मुलाच्या आईवडिलांशी परस्पर बोलणं करून टाकू, असं कोणी सुचवलं तर थांबा. नात्यातलं दत्तक सोडलं, तर संमती आणि पात्रतेच्या अटी पूर्ण होईपर्यंत असा संपर्क करारात वर्ज्य आहे. ही अट गरीब आईवर दबाव येऊ नये म्हणून आहे, आणि ती मला पूर्णपणे पटते.

कागदपत्रं

तुमच्या बाजूने साधारण हे लागतं: जन्मदाखले, लग्नाचा दाखला, आधीचं लग्न मोडलं असल्यास घटस्फोटाचा हुकूमनामा, पासपोर्ट, उत्पन्नाचे व कराचे पुरावे, आरोग्य प्रमाणपत्र, पोलीस पडताळणीचा दाखला, होम स्टडी अहवाल आणि देशाचं पात्रतापत्र. मुलाच्या बाजूने जन्मदाखला, संमतीपत्रं किंवा मूल अनाथ असल्याचा आदेश, सामाजिक व वैद्यकीय अहवाल, दत्तक वा पालकत्वाचा आदेश आणि पासपोर्ट.

हेग प्रकरणात एक कागद सोन्यासारखा जपा: २३ व्या कलमाखालचं प्रमाणपत्र. दत्तक कराराप्रमाणे झालं, हे तो सांगतो, आणि त्याच्या बळावर इतर सदस्य देश ते दत्तक आपोआप मान्य करतात.

परदेशात वापरायच्या सरकारी कागदांवर अपॉस्टिलचा शिक्का लागतो, म्हणजे कागद अस्सल असल्याची दुसऱ्या देशात चालणारी खूण. अपॉस्टिल करारात नसलेल्या देशासाठी परराष्ट्र खातं आणि दूतावास अशी दुहेरी साक्षांकनाची वाट. भाषांतर प्रमाणित हवं. आणि नावांचं स्पेलिंग सगळीकडे अक्षरशः एक आहे ना, हे स्वतः बसून ताडून पाहा. पासपोर्टवर एक आणि लग्नाच्या दाखल्यावर दुसरं, एवढ्यावरही फाइल परत येते. तारखांकडेही लक्ष असू द्या: अमेरिकेत होम स्टडी सादर करताना सहा महिन्यांपेक्षा जुनी चालत नाही.

निघण्याआधी

नव्या नावाचा जन्मदाखला आणि पासपोर्ट, देश सोडण्याची परवानगी, दूतावासाने मान्य केलेल्या डॉक्टरांची तपासणी, मग व्हिसा. या प्रत्येकाला वेळ लागतो, त्यामुळे व्हिसा हातात येईपर्यंत परतीचं तिकीट बदलता येण्याजोगंच ठेवा. मूल बहुधा जन्मदेशाच्या पासपोर्टवर प्रवास करतं, म्हणून विमान मधे जिथे बदलायचं त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा त्याला लागतो का ते विचारा. तुम्हाला लागत नसला तरी त्याला लागू शकतो. पालकांपैकी एकच जण सोबत असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ असू द्या.

नागरिकत्वाचं काम अर्धवट सोडू नका

मूल घरी आलं, शाळेत रमलं की हा विषय मागे पडतो. कृपा करून तसं होऊ देऊ नका. अमेरिकेत दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा २७ फेब्रुवारी २००१ ला लागू झाला, पण त्या दिवशी १८ पूर्ण झालेल्यांना त्याचा लाभ मिळाला नाही. बाळपणी कायदेशीर दत्तक आलेली, अमेरिकेतच वाढलेली माणसं पालकांनी नागरिकत्वाची कागदपत्रं न केल्यामुळे प्रौढपणी परदेशी ठरली, आणि काहींना भाषाही येत नसलेल्या जन्मदेशात परत पाठवलं गेलं.

आजही व्हिसाच्या प्रकाराने फरक पडतो. आयएच-३ किंवा आयआर-३ (दत्तक परदेशातच पूर्ण झालेल्या मुलांचे व्हिसा) वर आलेलं, १८ वर्षांखालचं मूल पालकांसोबत राहायला अमेरिकेत दाखल होताच नागरिक होतं. आयएच-४ किंवा आयआर-४ (दत्तक अजून पूर्ण व्हायचं असलेल्या मुलांचे व्हिसा) वर आलेल्या मुलाला आधी ग्रीन कार्ड मिळतं; दत्तक अमेरिकेत पूर्ण झाल्यावरच नागरिकत्व. ब्रिटनमध्ये हेग दत्तकात किमान एक पालक ब्रिटिश नागरिक आणि दोघांचं नेहमीचं वास्तव्य ब्रिटनमध्ये असेल, तर नागरिकत्व आपोआप मिळतं. तुमचा देश कोणताही असो, ‘मूल आपोआप नागरिक होतं का, आणि त्याचा पुरावा म्हणून कोणता कागद मिळतो?’ हा प्रश्न लेखी विचारा.

जन्मदेशाला पाठवायचे प्रगती अहवालही उरतातच. भारतातून गेलेल्या मुलांसाठी ते पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी द्यावे लागतात. इतर देशांचं वेळापत्रक दत्तक संस्थेकडून लेखी घ्या.

जन्मदेशाचे मूळ कागद, जुना पासपोर्ट आणि मुलाचा पहिला अहवाल एका फाइलमध्ये वेगळे ठेवा, मुदत संपली म्हणून टाकू नका. मुलाच्या मुळाची माहिती जपण्याची जबाबदारी करारात देशांवर टाकलेली आहे, पण मोठं झाल्यावर ते पहिल्यांदा विचारेल तुम्हालाच.