मोबाईलवरच्या डॉक्टरकडून चूक झाली तर तक्रार कुठं आणि कशी करायची (जळगाव, धुळे, नंदुरबारच्या लोकांसाठी)

आमच्या चोपड्यात गल्लीतल्या एका मावशींना पोटात दुखायला लागलं, पोराने पुण्यात बसून ॲपवर डॉक्टर लावून दिला, पाचशे रुपये ऑनलाईन भरले, तीन-चार मिनिटं नुसतं बोलणं झालं, कॅमेरासुद्धा चालू केला नाही आणि ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी यांनी मेसेज टाकला की दुखणं उजव्या बाजूला सरकलंय, तापही आहे, तर उत्तर आलं त्याच गोळ्या चालू ठेवा. तिसऱ्या दिवशी जळगावला ॲडमिट, अपेंडिक्स फुटलेलं. मावशी वाचल्या, पण घरच्यांचा प्रश्न होता, "डॉक्टर तर बंगळुरूचा, आता केस कराले तिकडे जावं लागीन का?"

नाही लागत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, स्पष्ट लिहिलंय की तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात (ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारं कोर्ट) तक्रार करता येते. म्हणजे चोपडा, यावलवाल्याने जळगावला, शिरपूरवाल्याने धुळ्याला, धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाने नंदुरबारला. ॲपच्या अटींमध्ये वाद अमुक शहरातच चालेल असं छापलेलं असतं, ते वाचून लोक घाबरून गप्प बसतात, पण त्या ओळीने तुमचा हा हक्क जात नाही.

आता कोण तक्रार करू शकतो. पैसे दिले का, हा पहिला प्रश्न. फी भरली असेल, भले दोनशे रुपये असेना, तर तुम्ही ग्राहक आहात, डॉक्टरची सेवा या कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच ठरवलंय. पेशंट स्वतः करू शकतो, पेशंट वारला असेल तर वारस करू शकतात. सरकारची ई-संजीवनी (फोनवर डॉक्टरचा सल्ला देणारी सेवा) मात्र सगळ्यांना फुकट आहे, म्हणून तिथं ग्राहक आयोगाचा रस्ता साधारण चालत नाही, तिथं मेडिकल कौन्सिलकडे (डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था) तक्रार करायची, ते खाली सांगतो. मुदत दोन वर्षं, घटना झाली तेव्हापासून. उशिरा गेलात तर उशीर का झाला त्याचं कारण लेखी पटवून द्यावं लागतं, त्यामुळे थांबू नका.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो, आजार वाढला म्हणजे डॉक्टर चुकलाच असं नसतं. एखाद्या साधारण जाणकार डॉक्टरने त्या परिस्थितीत जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली का, हे बघितलं जातं. फोनवरच्या तपासणीसाठी २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम आले, त्यात बरंच सापडतं. प्रिस्क्रिप्शनवर रजिस्ट्रेशन नंबर पाहिजे, पेशंटचं वय विचारलं पाहिजे, रेकॉर्ड ठेवलं पाहिजे, काही औषधं पहिल्या वेळेला फक्त व्हिडिओवर बघूनच देता येतात, झोपेच्या-नशेच्या प्रकारातली कित्येक औषधं तर फोनवर द्यायचीच नाहीत, आणि प्रत्यक्ष तपासायची गरज दिसली तर तसं सांगून दवाखान्यात पाठवायचं. मावशींच्या केसमध्ये खरा मुद्दा हाच आहे, दुसऱ्या दिवशीच्या मेसेजनंतर "ताबडतोब जवळच्या दवाखान्यात जा" एवढं लिहायचं राहिलं.

कागदपत्रांवर सगळं टिकतं, म्हणून इथं आळस करू नका. प्रिस्क्रिप्शनची फाईल, फी भरल्याची पावती किंवा यूपीआयचा मेसेज, पूर्ण चॅट (अर्धवट स्क्रीनशॉट नको, तारीख-वेळ दिसली पाहिजे), कॉल लॉग, त्याआधीचे रिपोर्ट, नंतरच्या हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, बिलं, औषधांच्या पावत्या, आधार किंवा रेशनकार्ड पत्त्यासाठी. ॲप डिलीट करू नका, फोन रिसेट करू नका, जुना फोन दुकानात बदलून टाकू नका. चॅटच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट (ही प्रिंट फोनमधल्या मूळ चॅटचीच आहे असं लेखी देणं) लावलेलं बरं, आधीच्या कायद्यातल्या अशाच सर्टिफिकेटबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा २०२० चा मोठा निकाल आपल्या शेजारच्या जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यातूनच आलाय. डॉक्टरकडे तुमचं रेकॉर्ड लेखी मागा, ईमेल चालतो, मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचं असा नियम आहे. नाही दिलं तर तोही तुमच्या बाजूचा मुद्दा. जळगावच्या सर्जनने लेखी दिलं की उशीर झाल्यामुळे फुटलं तर फारच चांगलं, प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, पण असलं की केस उभी राहते.

अर्ज ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवर घरून करता येतो. मोबाईल नंबरवर खातं उघडायचं, जिल्हा आयोग निवडायचा, तक्रार, तारखांची यादी, शपथपत्र (नोटरी करून) आणि कागदं पीडीएफ करून टाकायची. डॉक्टर आणि ॲपची कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, कारण डॉक्टरची नोंदणी तपासून घ्यायची जबाबदारी ॲपवर आहे. जिल्हा आयोगाची हद्द तुम्ही दिलेल्या फीवरून ठरते, ५० लाखांपर्यंत, आणि फी पाच लाखांच्या आत असली की कोर्ट फी शून्य, नुकसानभरपाई कितीही मागा. वकील लागतोच असं नाही. लागला आणि परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बाया आणि आदिवासी बांधवांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, हेल्पलाईन १५१००. सातपुड्यातल्या पाड्यांवर ही गोष्ट कोणी सांगतच नाही याचं फार वाईट वाटतं. नोटीस गेल्यावर समोरच्याला उत्तराला ३० दिवस, फार तर १५ अजून. सुनावणी व्हिडिओवर मागता येते. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील.

डॉक्टरच्या लायसनवर कारवाई पाहिजे असेल तर ते वेगळं. एमबीबीएस असेल तर ज्या राज्यात नोंदणी आहे तिथल्या मेडिकल कौन्सिलकडे, आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, मुंबई. बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) यांची कौन्सिलं वेगळी, म्हणून आधी प्रिस्क्रिप्शनवरची डिग्री नीट वाचा. कौन्सिल पैसे मिळवून देत नाही, पण तिथं फुकट सेवेचीही तक्रार चालते.

पोलिसात लगेच धावत जाऊ नका. तिथं गंभीर हलगर्जी दाखवावी लागते आणि आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं मत घेतलं जातं. मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा. डिग्रीच खोटी निघाली तर मात्र थेट पोलीस ठाणं.

मावशींची कागदं जमलीत, फक्त चॅटचं सर्टिफिकेट आणि नोटरी राहिलीय, दोन वर्षं भरायला अजून चार महिने आहेत, पण आम्ही याच आठवड्यात जळगावला टाकतोय.