पानं सगळी, क्रम गायब

सोलापुरातल्या एखाद्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, गल्लीतल्या कवीचा संग्रह, निवृत्त गिरणी कामगाराच्या आठवणी, असं काहीही हल्ली छापून झालं की त्याचं ईपबही, म्हणजे फोनवर वाचायची ई-पुस्तकाची फाइल, केलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सोपं, खर्च जवळपास नाही. मग तक्रार येते. फाइल उघडते, मुखपृष्ठ दिसतं आणि पुढे काही सरकतच नाही. किंवा अर्पणपत्रिका संपली की थेट उपसंहार. मजकूर सगळा आत असतो, फोटो असतात, फाइलचं वजनही बरोबर असतं. नसतो तो वाचनक्रम, म्हणजे कोणत्या तुकड्यानंतर कोणता दाखवायचा हे सांगणारी यादी. अनुक्रमणिका शाबूत असतानाही असं का होतं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

मागे म्हणजे पार पोथीपर्यंत. पोथी सुट्या पानांची. ती दोन फळ्यांमध्ये ठेवून फडक्यात बांधत, पण तिचा क्रम त्या बांधणीवर अवलंबून नसे. पानाच्या समासात पत्रांक असे, बऱ्याचदा शेजारी ग्रंथाच्या नावाचं आखूड रूपही असे. पोथी हातातून सटकून ओसरीभर पसरली तरी अंक बघून पुन्हा लावता येई. ताडपत्रांना भोकं पाडून दोरी ओवत, पण दोरी कुजते हे लिहिणाऱ्यांना माहीत होतं, म्हणून पानांवर अंक तिथेही. सोलापूरला या जुन्या पानांशी नातं सांगायला जागा आहे. कर्नाटकातल्या मूडबिद्रीला जपलेल्या 'धवला' या प्राचीन जैन ग्रंथभाष्याच्या ताडपत्रांच्या नकला करून घेण्याचा जो खटाटोप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला, त्यात सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद होते. पुढे त्या ग्रंथाचे खंड इथल्याच जैन संस्कृती संरक्षक संघाने काढले. शेकडो वर्षांपूर्वीची पानं क्रमाने वाचता आली, कारण क्रम पानाच्या अंगावर होता.

छापखान्यातही तसंच. सोळा पानांचा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापायची पानं, छापताना कागदावर एकाच्या शेजारी सोळावं पान येतं आणि डोक्याला डोकं लावून आठवं. घडी घातली की सगळं जागेवर. शिवाय प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात फर्म्याचा आकडा, म्हणजे पुस्तक न वाचताही बाइंडरला फर्मे ओळीने लावता यावेत. जुन्या छापील पुस्तकांत तर पानाच्या शेवटी पुढच्या पानाचा पहिला शब्द छापायचीही रीत होती.

ई-पुस्तकाने हा अंक पानावरून काढून घेतला, आणि तो विचारपूर्वक काढला. १९९८ साली अमेरिकेत रॉकेट ईबुक आणि सॉफ्टबुक ही दोन वाचनयंत्रं बाजारात आली. दोघांचे फाइलप्रकार वेगळे. प्रकाशकाने एकच पुस्तक किती वेळा तयार करायचं, हा प्रश्न लगेच उभा राहिला. त्यातून सप्टेंबर १९९९ मध्ये 'ओपन ईबुक' या समाईक रचनेची पहिली आवृत्ती निघाली. पुस्तक म्हणजे वेबपानांचा संच आणि त्यांच्यासोबत एक पॅकेज फाइल, ही आजही चालू असलेली कल्पना तिथली.

त्या पॅकेज फाइलमध्ये दोन याद्या वेगवेगळ्या ठेवल्या गेल्या. पहिली मॅनिफेस्ट. पुस्तकात काय काय आहे याची नोंद: प्रकरणं, चित्रं, फॉन्ट, सजावटीच्या फाइली. दुसरी स्पाईन. मॅनिफेस्टमधल्या कोणत्या नोंदी वाचायच्या आणि कोणत्या ओळीने, एवढंच ती सांगते. मॅनिफेस्ट म्हणजे लग्नघरातली भांड्यांची यादी. पंगतीत आधी काय वाढायचं हे तिच्यात शोधून मिळणार नाही. मॅनिफेस्टमधल्या नोंदींच्या क्रमाला काही अर्थ नाही, हे नियमांतही स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी ई-पुस्तक दाखवणाऱ्या काही प्रणाली स्पाईन नसली की मॅनिफेस्टच्या ओळीने पानं दाखवत सुटतात आणि कधीकधी ती नशिबाने बरोबरही निघतात. माझ्या मते ही मदत नव्हे. फाइल धडधाकट आहे अशा समजुतीत ती पुढच्या दहा जणांना पाठवली जाते.

त्या पहिल्या आवृत्तीत 'टूर्स' नावाचीही सोय होती. एकाच पुस्तकातून वेगवेगळ्या वाचकांसाठी वेगवेगळ्या वाटा आखायच्या. कल्पना देखणी होती, पण फारशी कोणी वापरली नाही, आणि पुढे ती मोडीत निघाली. राहिली ती एकच वाट, स्पाईन.

अनुक्रमणिकेचं घराणं मात्र निराळं. ती आली बोलक्या पुस्तकांकडून. दृष्टिहीन वाचकांसाठी ध्वनिमुद्रित पुस्तकं करणाऱ्या ग्रंथालयांनी १९९६ मध्ये डेझी कन्सॉर्शियम स्थापन केलं. कॅसेटवर सातव्या प्रकरणावर जायचं तर टेप पळवत बसा, ही अडचण त्यांना सोडवायची होती. त्यासाठी त्यांनी एनसीएक्स ही फाइल घडवली. शीर्षकांचा वृक्ष, प्रत्येक शीर्षकाला उडी मारण्याची जागा आणि 'प्ले-ऑर्डर' नावाचा अनुक्रमांक. २००७ मध्ये ईपबची दुसरी आवृत्ती प्रमाण झाली तेव्हा ही एनसीएक्स तिच्यात सक्तीची झाली, आणि स्पाईनमध्ये तिचा हवाला देणंही. दोन घरांतून आलेल्या दोन याद्या इथे एका छपराखाली आल्या. २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीने एनसीएक्सच्या जागी साधं वेबपानच अनुक्रमणिका म्हणून घेतलं. २०१७ मध्ये ईपबचा कारभार वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेकडे गेला आणि मे २०२३ मध्ये तिथून ३.३ आवृत्ती आली. या सगळ्यात स्पाईन मूळ कामाला चिकटून राहिली. अनुक्रमणिका सांगते कुठे उडी मारता येईल. पान उलटलं की काय येईल, हे स्पाईनचं काम. दुरुस्ती करणारे निम्मे लोक इथेच फसतात. अनुक्रमणिका आहे ना, मग तिच्यावरून स्पाईन लिहून टाकू, असं त्यांना वाटतं.

ते का पुरत नाही, याचं कारण मराठीत जास्त टोचतं. अडोबीचं सॉफ्टवेअर असलेल्या जुन्या वाचनयंत्रांना आतली एकेक फाइल सुमारे तीनशे केबीच्या वर गेली की पेलायची नाही. म्हणून रूपांतर करणारी सॉफ्टवेअरं मोठी प्रकरणं आपोआप तोडू लागली. त्यांपैकी कॅलिबर आजही मुळात ठरलेल्या २६० केबीच्या मर्यादेवर तोडतं. आता देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. 'स्त्री' हा दिसायला एवढासा शब्द: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी, मिळून सहा चिन्हं, अठरा बाइट. इंग्रजी कादंबरीचं जे प्रकरण अखंड राहतं तेवढ्याच लांबीचं मराठी प्रकरण मधूनच तुटू शकतं. तुटलेल्या दुसऱ्या तुकड्याला शीर्षक नसतं, म्हणून अनुक्रमणिकेतही जागा नसते. नाव असतं 'इंडेक्स स्प्लिट ००७' असलं काहीतरी. केवळ अनुक्रमणिकेवरून स्पाईन लिहिली की हे निनावी तुकडे बाहेर राहतात. पुस्तक नीट उघडतं, अनुक्रमणिकेतली प्रत्येक ओळ चालते, आणि चौथं प्रकरण एका वाक्याच्या मध्येच संपून पाचवं सुरू होतं.

फाइलींच्या नावांवर भिस्त ठेवणं तर आणखी वाईट. अक्षरक्रमाने लावलं की प्रकरण-१ च्या मागे प्रकरण-१० येतं, मग ११, आणि २ कुठेतरी खाली. नावं मजकुरावरून दिली असतील तर युनिकोडच्या क्रमाने आधी अर्पणपत्रिका, लगेच उपसंहार, मग प्रकरणं, त्यांच्यामागे प्रस्तावना आणि सगळ्यात शेवटी मनोगत. वर म्हटलेली अर्पणपत्रिका-उपसंहाराची जोडी येते ती इथून: कुठल्यातरी प्रणालीने किंवा घाईतल्या माणसाने नावांवरून क्रम लावलेला असतो.

स्पाईन गायब होण्याची कारणं बहुतेक वेळा साधी निघतात. पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टात लावलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना तुकड्यातुकड्याने आणलेला असतो, आणि पॅकेज फाइल कुणीतरी दुसऱ्या पुस्तकातून उचलून आणलेली असते. किंवा पॅकेज फाइलमध्ये सरसकट 'शोधा आणि बदला' चालवलेलं असतं. कधी स्पाईन जागेवर असते, पण तिच्यातली खूण, म्हणजे फाइलचं ओळखनाव, मॅनिफेस्टमधल्या नोंदीशी जुळत नाही: तिथे देवनागरी एक, इथे इंग्रजी एक. लहान आणि मोठी इंग्रजी लिपी हाही फरकच धरला जातो. मराठीची खास खोड म्हणजे 'ऱ्य'. 'पायऱ्या' हे नाव नुक्तावाल्या ऱ ने टंकता येतं, तसंच साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावं. कवितेची फाइल एका पद्धतीने जतन झालेली आणि मॅनिफेस्टमध्ये दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली असेल, तर ती कविता पुस्तकात असून नसल्यासारखी. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत आणि ०१, ०२ अशा अंकांनी द्यावीत, हा माझा आग्रह त्यामुळेच. मराठीपण मजकुरात दिसू दे.

दुरुस्तीची रीत या इतिहासातूनच निघते. ईपब म्हणजे झिप केलेलं दप्तर. प्रत काढून ठेवायची, ते उघडायचं आणि ओपीएफ ही पॅकेज फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये बघायची. स्पाईन मुळातच नाही, रिकामी आहे की खुणा चुकल्यात, हे तिथे कळतं. एक चौथा प्रकारही असतो. स्पाईनमधल्या नोंदीला 'लिनिअर नाही' असा शेरा देता येतो, टिपा किंवा उत्तरं मुख्य वाटेबाहेर ठेवायला. तो शेरा चुकून सगळ्याच नोंदींवर पडला तर वाटच उरत नाही.

मग सांगाडा अनुक्रमणिकेवरून उभा करायचा आणि मॅनिफेस्टमधल्या ज्या मजकूर-फाइली त्यात आल्या नाहीत त्या वेगळ्या काढायच्या. या उरलेल्यांना जागा मिळते ती जुन्या छापखान्याच्या युक्तीने: एका तुकड्याची शेवटची ओळ आणि दुसऱ्याची पहिली ओळ जोडून वाचायची. मूळ छापील प्रत असेल तर वादच नाही, ती शेजारी उघडून ठेवायची. हे काम हाताने टॅग लिहून करता येतं, पण सिजिल या ईपब दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा कॅलिबरच्या एडिटरमध्ये ते सोपं पडतं. तिथे डाव्या बाजूला मजकूर-फाइली ज्या ओळीने दिसतात तोच वाचनक्रम असतो. फाइल ओढून वर-खाली केली की स्पाईन मागच्या मागे बदलते. हाताने केलं असेल तर पुन्हा झिप करताना 'माइमटाइप' ही फाइल सर्वांत आधी आणि कॉम्प्रेस न करता जायला हवी. शेवटी ईपबचेक हे फाइल तपासणारं सॉफ्टवेअर चालवायचं. स्पाईन नसेल तर ते ओरडतं, मॅनिफेस्टमध्ये नसलेली खूण सापडली तरी ओरडतं. तिसरं प्रकरण दुसऱ्याच्या आधी आलंय, यावर मात्र ते गप्प. त्याला यादी वैध हवी, गोष्ट लागते की नाही हे त्याला कळत नाही. ते बघायला पुस्तक पान उलटत वाचणारा माणूसच लागतो.

सोलापुरात एक पेच हमखास येतो आणि तो कुठल्याच मार्गदर्शिकेत धड सापडत नाही. इथल्या शाळा-कॉलेजांच्या अंकांत मराठीच्या जोडीला कन्नड, तेलुगू आणि उर्दू विभाग असतात. उर्दू विभाग छापील अंकात मागच्या मुखपृष्ठाकडून सुरू होतो. अंक स्कॅन करून पानं पुढून मागे ओळीने भरली की ई-पुस्तकात तो विभाग शेवटच्या पानापासून उलटा सुरू होतो. स्पाईनमध्ये उर्दूच्या फाइली कागदाच्या क्रमाने नव्हे, वाचण्याच्या क्रमाने लावायच्या: उर्दूचं पहिलं पान आधी, शेवटचं शेवटी. मजकूर टंकलेला असेल तर ओळींची उजवीकडून डावीकडची दिशा त्या त्या फाइलमध्येच नोंदवता येते. पान कोणत्या बाजूने उलटायचं हे सांगायची सोय ईपबच्या तिसऱ्या आवृत्तीत स्पाईनवर आहे खरी, पण ती अख्ख्या पुस्तकाला मिळून एकच. मिश्र अंकात ती डावीकडून उजवीकडेच राहू द्यावी लागते. ते खटकत असेल तर उर्दू विभागाचं स्वतंत्र ईपब करायचं, त्याची दिशा उजवीकडून ठेवायची आणि दोन्ही फाइली एकत्र पाठवायच्या.