मासे, लाटा आणि कापड : नक्षी ठरवण्याआधी

समुद्राची नक्षी हवी म्हणून येणाऱ्या ग्राहकाला आम्ही आधी विचारतो, या कापडाचं शिवणार काय? कारण माशाला तोंड असतं, आणि सगळी तोंडं एकाच बाजूला वळली की कापडालाही सुलट-उलट येतं. मग शिंप्याला तुकडे फिरवून मांडता येत नाहीत आणि कापड जास्त लागतं. पडद्यांना एका दिशेचा थवा शोभतो. शर्ट-फ्रॉकसाठी आम्ही मासे चहूकडे विखुरतो. थोडी शिस्त बिघडते, पण कापड वाचतं.

जोड कुठे लपतो

नक्षीची एकच चौकट पुन्हापुन्हा छापली जाते. तिला रिपीट म्हणतात. चौकटी सरळ शेजारी-शेजारी लावल्या की माशांच्या रांगा पडतात आणि मधल्या मोकळ्या जागेचे पट्टे लांबूनच डोळ्यांत भरतात. म्हणून शेजारची चौकट अर्ध्या उंचीने खाली सरकवायची. हा हाफ-ड्रॉप.

खवल्यांच्या नक्षीत प्रत्येक ओळ मुळातच अर्ध्याने सरकलेली असते, त्यामुळे जोड आपोआप लपतो. फक्त खवल्याची मोकळी कड शेपटीकडे हवी. ती डोक्याकडे काढली, तर मासे हाताळणाऱ्या माणसाला लगेच खटकतं. तारामासा मात्र त्रास देतो. पाच सारख्या बाजू आणि पाच सारखे कोन असलेले आकार फट न ठेवता एकमेकांना जुळतच नाहीत; त्या फटींत आम्ही बुडबुडे, शिंपले नाहीतर शेवाळाचे तुरे भरतो.

‘हाच मासा दुप्पट करा’

करता येतो, पण नुसता ताणून नव्हे. एम्परर एंजलफिशच्या निळ्या अंगावर पिवळे आडवे पट्टे असतात. १९९५ साली कोंडो आणि असाई या जपानी संशोधकांनी दाखवलं, की हा मासा वाढतो तसे पट्टे रुंद होत नाहीत. त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं आणि पट्ट्यांची संख्या वाढते. आम्हीही तेच करतो. उशीच्या अभ्र्यावरचा मासा पडद्यावर न्यायचा, तर त्याचे पट्टे नव्याने काढतो. यात वेळ जातो, पण नुसत्या ताणलेल्या माशाचे पट्टे जाड आणि बोजड दिसतात, म्हणून तसं काम आम्ही देत नाही.

चमक आणि रंग

माशाची चंदेरी झळाळी रंगाची नसते. त्वचेतले ग्वानिन नावाच्या पदार्थाचे पातळ स्फटिक उजेड परतवतात, म्हणून ती दिसते. साध्या छपाईत ती येत नाही. राखाडी छटा तेवढ्या येतात. झाक हवीच असेल तर कापडच सॅटिनचं घ्या, किंवा मोत्यासारखी चमक असलेलं पिगमेंट वापरू. खोल समुद्राचा भास हवा असेल तर लाल जपून वापरा: पाणी लाल प्रकाश आधी शोषतं, खाली निळा उरतो. उथळ प्रवाळाच्या नक्षीला हे बंधन नाही, तिथे लाल-केशरी हवेच.

छपाईची पद्धत आधी ठरवा. रोटरी स्क्रीन म्हणजे नक्षी छापणारा फिरता नळा; त्याचा घेर सहसा ६४ सेंमी असतो, त्यामुळे रिपीटची लांबी ६४, ३२ किंवा १६ अशी ठेवावी लागते. माल जास्त असेल तर हीच पद्धत परवडते. डिजिटल छपाईला हे गणित नाही आणि रंगही हवे तितके घेता येतात; थोड्या कापडासाठी तीच बरी.

ऑर्डर देताना कापडाचा प्रकार, पन्ना (कापडाची रुंदी), काय शिवायचं आणि सर्वांत मोठा मासा किती सेंमीचा हवा, एवढं कळवा. छापील नमुना हातात आला की तो टेबलावर पसरून मंजूर करू नका. जसा वापरायचा तसा टांगा, चार पावलं मागे जा, आणि एकदा धुऊन मगच होकार द्या.