१९९ वर अडकलेला आकडा

२४ फेब्रुवारी २०१०. सामना आमच्याच ग्वाल्हेरात, रूपसिंह स्टेडियमवर. पण तिकीट मिळालं नव्हतं आणि टीव्हीने नेमकी त्याच दिवशी मान टाकली होती. लष्कर भागातल्या घरी मी कॉम्प्युटरपुढे, स्कोअरचं पान उघडून, मागे आरामखुर्चीत आजोबा. दर मिनिटाला त्यांचं "किती झाले रे?" आणि माझं एफ-फाइव्ह, म्हणजे पान पुन्हा मागवायचं बटण. सचिन १९९ वर आला आणि आकडा हलेना. स्ट्राइक धोनीकडे आहे की आपलं नेट गेलंय, पडद्यावरून काही कळेना.

आता पान पुन्हापुन्हा मागवावं लागत नाही. ब्राउझर एकदाच विचारतो आणि सर्व्हर उत्तर संपवतच नाही. धाव निघाली की त्याच उघड्या जोडणीतून पुढची ओळ सोडतो. हे सर्व्हर-सेंट इव्हेंट्स; अशी पाठवलेली प्रत्येक बातमी म्हणजे एक इव्हेंट. चॅटसारखं दोन्हीकडून बोलायचं असेल तर वेबसॉकेट, ज्याचं प्रमाणक डिसेंबर २०११ मध्ये आलं. नुसत्या स्कोअरसाठी ते लावणं मला तरी उगाच वाटतं.

सर्व्हरवर प्रत्येक जोडणीमागे एक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला स्वतंत्र कामकरी, बसवला, तर बहुतेक थ्रेड नुसते वाट बघत मेमरी अडवतात. दहा हजार ग्राहक एकाच सर्व्हरने कसे सांभाळायचे, हा प्रश्न डॅन केगल यांनी १९९९ मध्ये मांडला होता. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये त्यावर ईपोल ही सोय आहे: जिथे हालचाल झाली तेवढ्याच जोडण्या कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, सांगतो.

खरी डोकेदुखी त्या १९९ ची. गप्प जोडणी आणि मेलेली जोडणी दिसायला सारखीच. फोनची रेंज गेली, तर सर्व्हरला ते कोण सांगणार? शिवाय मध्ये एनजिनएक्स, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला मध्यस्थ प्रोग्राम असेल, तर तो ६० सेकंद सर्व्हरकडून काही आलं नाही की मुळातल्या सेटिंगप्रमाणे जोडणी तोडतो. म्हणून दर पंधराएक सेकंदांनी सर्व्हर एक ओळ पाठवतो, जिच्यात नुसता अपूर्णविराम असतो. तेवढ्याने एनजिनएक्सचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. पलीकडे कोणी नसेल तर पोच येत नाही आणि काही वेळाने सर्व्हरलाही उमजतं. पडद्यावर 'नेट गेलंय' दाखवायचं असेल तर मात्र खरा इव्हेंटच हवा, कारण ही ओळ ब्राउझर परस्पर टाकून देतो. पानाच्या स्क्रिप्टपर्यंत ती पोचतच नाही.

सर्व्हर रीस्टार्ट केला की तुटलेले सगळे एकदमच दारात येतात. त्यांनी कमीजास्त थांबून यावं, अशी सोय करावी लागते. येताना ब्राउझर शेवटच्या इव्हेंटचा क्रमांक आपणहून सांगतो. मधल्या धावा जपून ठेवल्या असतील तर सर्व्हर तिथून पुढे देतो.

आमच्या पडद्यावर त्या संध्याकाळी १९९ च होते, तेव्हा गल्लीत फटाके वाजायला लागले.