मरळीची गळमासेमारी (कोल्हापूर परिसर)

कोल्हापूर जिल्ह्यातील तलाव, नद्यांचे डोह, बंधाऱ्यांमागचे साचलेले पाणी, शेततळी आणि विहिरी यांतून मरळ हा शिकारी मासा गळाने पकडण्याची रीत. बोलीत तिला वेगळे नाव नाही. लोक ‘मरळीला जाऊया’ एवढेच म्हणतात. जाळ्याची मासेमारी हा या भागात प्रामुख्याने भोई समाजाचा पिढीजात व्यवसाय आहे. गळ मात्र कोणाच्याही घरात सापडतो: शेतकऱ्याच्या सोप्यात आढ्याला खोचलेली चिव्याची (बारीक बांबूची) काठी, कामगाराच्या सायकलीला बांधलेली घडीची काठी, शाळकरी पोराच्या दप्तरात तंगुसाचे (नायलॉनच्या दोऱ्याचे) रीळ. पोट भरण्याचे साधन म्हणून नव्हे, तर सुट्टीच्या दिवशी आजोबांनी नातवंडांना, मामाने भाच्यांना शिकवायची कला म्हणून ती टिकली. ती वहीत उतरवून घेता येत नाही, हातातून हातातच जाते.

अमेरिकेत हेच स्थान ‘लार्जमाउथ बास’ या गोड्या पाण्यातील माशाच्या मासेमारीला आहे. बास (मायक्रोप्टेरस निग्रिकन्स, पूर्वीचे नाव साल्मॉइडिस) आणि मरळ (चन्ना स्ट्रायाटा) ही दोन वेगळ्या कुळांतली जनावरे, पण त्यांची शिकारीची तऱ्हा जवळपास एक आहे. दोघेही भक्ष्याचा लांबवर पाठलाग करत नाहीत. पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतात आणि बेडूक किंवा छोटा मासा टप्प्यात आला की एका झेपेत गिळतात. दोघेही पिलांची राखण करतात. त्यामुळे बाससाठी तिकडे तयार झालेली पुष्कळशी तंत्रे मरळीला जशीच्या तशी लागू पडतात आणि रबरी बेडूक, फिरकीचे रीळ हे सामान आता कोल्हापूरच्या पाण्यावरही दिसते.

बासचा इतिहास थोडक्यात पाहण्याजोगा आहे. 1932 साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा अधिक वजनाचा बास धरला. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. तिकडे या खेळाला संघटित स्पर्धांचे रूप आले ते 1967 मध्ये रे स्कॉट यांनी पहिली स्पर्धा भरवल्यावर आणि पाठोपाठ बास मासेमारांची संघटना काढल्यावर. पकडलेला मासा जिवंत परत सोडण्याचा आग्रह 1972 पासून याच संघटनेने धरला. जपानला मात्र बास महागात पडला. 1925 मध्ये आशी सरोवरात आणून सोडलेला हा मासा पुढे देशभर पसरला, स्थानिक मासे खाऊ लागला आणि 2005 मध्ये कायद्याने त्याच्या वाहतुकीवर व पाळण्यावर बंधने घालावी लागली. ‘आपल्याकडेही बास आणून सोडावेत’ असे एखादा हौशी कधी म्हणतो, त्याने हे ध्यानात घ्यावे. पंचगंगेच्या खोऱ्यात 1952 नंतर देशभर पसरलेली चिलापी (तिलापिया हा परदेशी मासा) आधीच ठाण मांडून आहे. आणखी एका पाहुण्याची गरज नाही. उलट प्रवासही झालेला आहे. 2002 मध्ये मेरीलँड राज्यातील क्रॉफ्टन गावच्या तळ्यात मरळीचा चिनी भाऊबंद सापडला आणि तिकडे खळबळ उडाली. आज तिकडचे बास धरणारे त्याच काठ्यांनी त्यालाही धरतात.

कोल्हापूरच्या भूगोलाचा या कलेशी थेट संबंध आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या प्रयाग चिखलीजवळ मिळून पंचगंगा होते आणि नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेत शिरते. या नद्यांवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे (आडव्या फळ्या) घालून पाणी अडवतात, पावसाळ्याआधी ते काढून घेतात. वर्षातले सात-आठ महिने बंधाऱ्यामागे संथ, काठाला गवत आणि केंदाळ (जलपर्णी) धरलेले पाणी उभे राहते आणि मरळीला नेमके असेच पाणी लागते. खळाळत्या धारेत ती थांबत नाही. उसाच्या पट्ट्यातले पाटाचे साचवण, मुरमाच्या जुन्या खाणी, पायऱ्यांच्या विहिरी हीही तिची ठिकाणे. पाणी आटत चालले तरी ती तग धरते, कारण कल्ल्यांखेरीज तिच्या डोक्यात हवा साठवून श्वास घेण्याची सोय असते. काही मिनिटांनी तिला वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. गळकऱ्याची पहिली खूण हीच. केंदाळाच्या फटीत ‘डुबुक’ असा आवाज होतो आणि एकच वलय पसरते. चिलापीची वलये लहान आणि पुष्कळ असतात. मरळीचे एकटे, जड आणि सावकाश असते.

जुनी पद्धत अशी: दहा-बारा फुटी चिव्याची काठी, तिला साधारण काठीएवढाच तंगूस, टोकाला मोठा गळ आणि त्यावर जिवंत बेडूक किंवा लहान मासा. काठावर सावली पडणार नाही असे बसायचे आणि आमिष पाण्याच्या पृष्ठावर हलके टेकवत, उचलत, पुन्हा टेकवत राहायचे. जिवंत बेडकाला गळावर टोचणे पाहवत नाही. रबरी बेडकाने ती गरज संपवली आहे आणि मुलांसोबत जाणाऱ्याने तोच वापरावा. त्याचे पोट पोकळ असते आणि दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून तो केंदाळावरून ओढला तरी अडकत नाही. माशाने चावा घेतला की पोट दबते आणि गळ उघडे पडतात.

बेडूक फेकायचा तो वलयावर नव्हे, वलयाच्या चार हात पलीकडे. मग केंदाळावरून झटक्या-झटक्याने ओढत फटीपर्यंत आणायचा आणि फटीत आला की थांबवायचा. बहुतेक मरळी या थांबण्यावरच येतात. केंदाळ दाट असेल तर तंगुसाऐवजी विणलेली दोरी बरी, कारण तंगूस ताणला जातो आणि झटका गळापर्यंत पोचेपर्यंत मऊ पडतो. पाणवनस्पती पाण्याखाली असतील, तर बाससाठी अमेरिकेत रूढ झालेली ‘टेक्सस’ बांधणी उपयोगी पडते. रबरी गांडुळात गळाचे टोक लपवून टाकतात, पुढे गोळीच्या आकाराचे शिसे सरकते ठेवतात. गवतातून ते अडखळत नाही आणि तळाशी सावकाश खेळवता येते. उघड्या, गढूळ पाण्यात चकाकत्या, फिरत्या पात्याचे आमिष चालते. गढूळपणात माशाला आमिष दिसत नाही, पण आमिषाची थरथर माशाच्या अंगावरच्या संवेदनरेषेला कळते.

सगळी कला मात्र एका क्षणात आहे. मरळ बेडकावर आली की पाणी फुटते, भांडे आपटावे तसा आवाज होतो आणि नवख्याचा हात त्याच आवाजाने वर जातो. नव्वद टक्के मरळी अशा सुटतात, असे अनुभवी सांगतात. हा आकडा कोणी मोजलेला नाही, पण ज्याने काठी धरली आहे तो त्यावर वाद घालणार नाही. झेप घेताना मरळ बेडूक नुसता दातांत धरते. गिळायला तिला आणखी क्षणभर लागतो. म्हणून आवाजाला नव्हे, वजनाला उत्तर द्यायचे. दोरी ताणत जाऊन मनगटाला जड लागली की मगच झटका, आणि तो चांगला जोराचा, कारण तिचा जबडा हाडकट असतो. काठावर मागे उभे असलेले आजोबा नातीला दरवेळी एकच सांगतात: ‘थांब की जरा! घिऊ दे तिला.’ हे सांगून कळत नाही. दोन-चार मरळी हातच्या गेल्या, की एके दिवशी हात आपोआप थांबतो. आजोबांनी मुलीच्या हातातली काठी हिसकावून स्वतः झटका द्यायचा नाही, ही या शिकवणीतली सर्वांत अवघड गोष्ट आहे, आणि ती पाळायची असते मोठ्यांनी.

झटका बसल्यावर सैल सोडले तर मरळ केंदाळाच्या मुळांत शिरते. काठी उंच, तोंड पाण्यावर आणि तिला सपाट घसरत काठाकडे आणायची. येथे बासचा अनुभव उपयोगी नाही. बासचे दात काचकागदासारखे बारीक असतात, त्यामुळे तिकडचे लोक त्याच्या खालच्या ओठाला अंगठ्याने धरून उचलतात. मरळीचे दात टोचतात. तिला ओल्या फडक्यात धरावे आणि गळ पकडीने काढावा.

मुलांची सुरुवात मात्र मरळीने करू नये. तासन्‌तास एकही मासा न लागणे हे मोठ्या माणसाला सोसते, आठ वर्षांच्या पोराला नाही. अमेरिकेत लहान मुलांना आधी ब्लूगिल नावाचा छोटा मासा गांडूळ आणि तरंग्यावर धरायला लावतात, मग बासकडे नेतात. बऱ्याच राज्यांत वर्षातले काही दिवस परवान्याशिवाय गळ टाकता येतो, तो नवख्या कुटुंबांसाठीच. आपल्याकडे हे काम चिलापी करते. हातभर काठी, लहान गळ, गांडुळाचा तुकडा किंवा कणकेची गोळी, मोरपिसाच्या देठाचा तरंगा. तरंगा थरथरला, बुडाला, उचलला. पोराला पहिल्या तासात मासा मिळतो. रोहू-मृगळसाठी भुईमुगाच्या पेंडीचे गोळे टाकून जागा धरणे, गाठ मारणे, तंगूस न गुंतवता गुंडाळणे हे पुढे ओघाने येते. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा: बोटात रुतला तर सहज निघतो आणि लहान मासा न फाटता सोडता येतो. तुटलेला तंगूस काठावर टाकू नये. बगळे, पाणकावळे त्यात पाय अडकून मरतात.

बंधाऱ्याच्या खांबांवर मुलांना बसवणे टाळावे. बरगे घातलेले असताना फटींतून पाण्याची ओढ जोराची असते आणि पायऱ्या शेवाळाने निसरड्या. जून उजाडला की नदीकाठ सोडायचाच. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. त्या आकड्यांची वाट न पाहता, पाण्याला लाल रंग चढला की काठी गुंडाळावी.

पाऊस सुरू झाल्यावर थांबण्याचे दुसरे कारण माशांकडचे आहे. पहिल्या पुरात ‘चढणीचे मासे’ ओढ्यांतून, भातखाचरांतून अंडी घालायला वर सरकतात आणि त्यांना धरायला गावेच्या गावे लोटतात. ती गंमत जुनी आहे, पण अंड्यांनी भरलेली मादी काढली की पुढच्या वर्षीचे पाणी रिकामे होते. मरळ पाणवनस्पती दूर सारून वाटोळी जागा मोकळी करते, तेथे तिची अंडी तरंगतात. पिले फुटल्यावर ती नारिंगी-तांबड्या झुबक्यात वर-खाली करत फिरतात आणि आई-बाप खालून पहारा देतात. हा झुबका दिसला की त्यावर बेडूक फेकणारे लोक आहेत, कारण राखणीवरची मरळ चिडून हमखास झेप घेते. हे करू नये. राखणदार गेला की काही वेळात चिलापी आणि इतर मासे ती पिले संपवतात. एक मरळ घेऊन शेकड्यांनी मारल्यासारखे ते होते.

नियमांची बाजू थोडक्यात. पुष्कळसे तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तेथे गळ टाकण्याआधी विचारावे. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मासेमारी करता येत नाही. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा 1897 च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे. गळाने धरणाऱ्यांचे खरे दुखणे मात्र वेगळे आहे. पंचगंगेत शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळते. उन्हाळ्यात, शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वारंवार येतात. प्राणवायू संपलेल्या पाण्यात रोहू-कटला आधी मरतात. मरळ वर येऊन हवा घेते म्हणून जरा उशिरा मरते. अशा पाण्यातला मासा खाऊ नये, धरूही नये.

स्वच्छ पाण्यातली मरळ ओली राख चोळून साफ करतात, त्याशिवाय तिचा बुळबुळीतपणा जात नाही. मांसात बारीक काटे जवळपास नसतात, म्हणून आजारातून उठलेल्याला आणि लहान मुलांना ती निर्धास्त देता येते. तुकड्यांना हळद, मीठ आणि कांदा-लसूण चटणी लावून तव्यावर भाजतात, डोक्याचा रस्सा वेगळा. ताटात पहिला तुकडा ज्याच्या काठीला मरळ लागली त्याला वाढायचा. ते कोणाचे पहिले यश असेल, तर तो तुकडा संपेपर्यंत बाकीची पंगत त्याच्याकडून ती कशी आली, कुठे पाणी फुटले आणि हात कसा थांबला हे पुन्हा पुन्हा ऐकून घेते.